गाडी तापली की स्लो स्पीड १८००, खालीच येईना!

पंचगंगाकाठ | ९ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी सेकंड हँड, २०१२ची, पेट्रोल, चार सिलिंडर, केबलवाला थ्रॉटल (ॲक्सिलरेटरच्या तारेनं उघडणारं हवेचं दार). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा 'ती घेऊच नको म्हणून सांगितलं होतं' यातच जाईल.

त्रास स्लो स्पीडचा, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन मिनिटाला जेवढे फेरे घेतं त्याचा. सकाळी थंड इंजिन चालू केलं की आरपीएमचा काटा १५०० वर. ते ठीक, थंड गाडी तेवढी रेस धरतेच. पण पाच-सात मिनिटांनी तो साडेआठशेवर यायला पाहिजे, तर हा पठ्ठ्या १७००-१८०० वर जाऊन बसतो. म्हणजे गाडी तापली की रेस कमी व्हायची सोडून वाढते. ताराराणी चौकात सिग्नलला उभा राहिलो की शेजारचे बाईकवाले वळून बघतात, कुणाला शर्यत लावायचीय म्हणून. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की रेस न देता गाडी बारा-पंधराच्या वेगानं पळते. महाद्वार रोडला तर पाय ब्रेकवरच. लिटरला १६-१७ द्यायची, आता १३.

रविवारी पन्हाळ्यावरून उतरताना मात्र घाबरलो. दुसरा गिअर टाकला तरी इंजिन गाडी धरेना. वाघबीळला येईपर्यंत ब्रेकचा वास.

एका गॅरेजला दाखवली. थ्रॉटल बॉडी काढून स्प्रेनं धुतली, वरचा कुठलातरी स्क्रू फिरवला. दोन दिवस १४०० वर होती, मग ये रे माझ्या मागल्या. आता म्हणतात अख्खी थ्रॉटल बॉडी बदला, साडेनऊ हजार. बदलू का?

रंकाळ्याचा_वारा | ९ जुलै, रात्री १०.०५

बदलून टाक. मेव्हण्याच्या गाडीला सेम प्रॉब्लेम होता. बॉडी बदलली, विषय संपला.

उद्यमनगरी | ९ जुलै, रात्री १०.३२

साडेनऊ हजार आत्ता खिशातच राहू देत, भावा. आधी दोन गोष्टी सांग. ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा कडक लागतंय का? आणि एसी लावला की रेस वाढत्या, कमी होत्या का हाय तिथंच राहत्या?

ब्रेक कडक असेल तर पुढचं काही वाचू नको, गाडी लाव बाजूला. ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं ठेवणाऱ्या डब्याचा) पाइप फाटला की रेसपण चढत्या आणि पेडल दगड होतंय. ते घेऊन घाटात जाणं म्हणजे खुळेपणा.

पंचगंगाकाठ | ९ जुलै, रात्री १०.५०

ब्रेक मऊच आहे, फरक नाही. एसी लावला-काढला तरी काटा हलत नाही. आणि एक सांगायचं राहिलं, गॅरेजमधून आणल्यापासून ॲक्सिलरेटर पहिल्यांदा दाबताना जरा अडकतो, मग टक्क करून सुटतो.

उद्यमनगरी | ९ जुलै, रात्री ११.२०

तो 'टक्क' लक्षात ठेव, त्याच्याकडं नंतर येऊ.

आमच्या घरात दोन पिढ्या ऑइल इंजिनात गेल्या. तिथं गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करतो, हवेला कोण अडवत नाही. पेट्रोल गाडीचं उलटं असतंय. हवा अडवून ठेवायची, पाहिजे तेवढीच सोडायची, आणि जेवढी आत गेली त्या हिशेबानं ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल पाठवतो. तू पाय उचललास की थ्रॉटलचा फ्लॅप मिटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून लागणारी थोडी हवा शेजारच्या बारक्या वाटेनं जात्या. त्या वाटेवर आयएसी व्हॉल्व्ह बसलेला असतो, ईसीयू त्याला उघडझाप करायला सांगतो.

म्हणजे काटा १८०० वर आहे याचा अर्थ इंजिनात तेवढी हवा कुठून तरी जात्या. ती ईसीयूनं मागवलीय, का न मागवता घुसत्या, एवढं शोधायचं.

मागवली असेल तर त्याला कुणीतरी खोटं सांगितलंय. कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) सेन्सर 'इंजिन अजून गारच आहे' म्हणत असेल, नाहीतर इंजिन खरंच गार राहत असेल. एसीचा, पॉवर स्टिअरिंगचा स्विच अडकला तरी तो रेस वाढवतो. न मागवता घुसत असेल तर फाटका व्हॅक्यूम पाइप, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, ओढून बसलेली केबल, नाहीतर कार्बननं उघडाच राहिलेला आयएसी.

एसी लावल्यावर ईसीयूनं आयएसी थोडा उघडून रेस सावरायला पाहिजे. तुझा काटा जागचा हलत नाही. मला वाटतंय ईसीयूनं सगळी दारं आधीच लावून घेतल्यात आणि बिचारा गप बसलाय, हवा खिडकीतनं येत्या. पण वाटतंय ते वाटतंय, आधी तपास.

उद्या असं कर. गाडी पुरती तापू दे, रेडिएटरचा फॅन एकदा लागून बंद होऊ दे. बाह्या वर, गळ्यात साखळी-मफलर काही नको, हात बेल्टपासून लांब. फॅन आपल्याआप कधीपण सुरू होतोय, तिकडं ध्यान ठेव. पहिल्यांदा केबल बघ. पाय नसताना तिला थोडी ढिलाई पाहिजे, तारेसारखी ताठ नको. मग एअर फिल्टरकडनं येणारा मोठा पाइप थ्रॉटलवरनं काढ, इंजिन चालू ठेवून. फ्लॅपच्या अलीकडं एक बारीक भोक दिसेल, आयएसीचं. त्याच्यावर बोट धर. रेस धाडकन पडली नाहीतर इंजिन बंद झालं, तर हवा आयएसीमधनं येत्या. काहीच फरक पडला नाही, तर दुसरीकडनं. काय होतंय ते लिही.

तिखटजाळ | १० जुलै, सकाळी ७.१५

उद्यमनगरी अण्णांना +१. मी पण मागच्या वर्षी असाच अडकलो होतो, थ्रॉटल बॉडीपर्यंत मजल गेली होती आणि निघाला कूलंट सेन्सरचा कनेक्टर. पाणी शिरून आतल्या पिना हिरव्या झालेल्या. साधा ब्लूटूथ स्कॅनर असेल तर कूलंटचं तापमान आधी बघ. माझ्या गाडीत इंजिनावर हात ठेववत नव्हता आणि स्कॅनर दाखवत होता २४ अंश. ईसीयू बिचारा थंडीतली रेस देत बसलेला.

स्कॅनर नसेल तर राजारामपुरीत माझ्या भावाकडं आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

मुठाकाठ | १० जुलै, सकाळी ९.०२

तिखटजाळ, मागे तुम्ही पाककृती विभागात 'माझ्या सासूबाईंचा पांढरा रस्सा' लिहिला होता ना? मग 'अडकलो होतो' कसं? दादा की ताई?

तिखटजाळ | १० जुलै, सकाळी ९.१०

ताईच. कोल्हापूरची बाई 'आलो, गेलो'च म्हणते. अवांतर इथंच थांबवू या. :)

गगनबावडा_घाट | १० जुलै, सकाळी ११.४५

मी प्रवासी गाडी चालवतो. माझ्याकडं जरा वेगळं आहे. गावात फिरताना रेस बरोबर, पण हायवेला तासभर चालवून टोलला थांबलो की १२००. हीटर लावला तर कोमट वारा. ॲव्हरेज पण कमी. हेच का?

उद्यमनगरी | १० जुलै, दुपारी १.३०

नाही, तुझं दुसरं आहे. हायवेला वारं लागून इंजिन गार पडतंय, म्हणून ईसीयू रेस मागवतोय. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. नाहीतर कुठल्यातरी मिस्त्रीनं काढूनच टाकला असेल. आपल्याकडं ही खोड हाय, गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, 'आता आयुष्यात गरम होणार नाही'. बऱ्याचदा होत नाही हे खरं, पण पेट्रोल जळतंय आणि इंजिन झिजतंय. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, तोवर पाणी इंजिनातच फिरायला पाहिजे. थर्मोस्टॅटचं घर उघडून बघ. इंजिन गार असताना, नाहीतर भाजून घेशील.

पंचगंगाकाठ | ११ जुलै, रात्री ८.५५

आज तिखटजाळताईंच्या भावाकडून स्कॅनर आणला (आणि चहा पिऊन आलो, धन्यवाद). आकडे लिहितो.

किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर ९५ किलोपास्कल. चालू करून, तापवून, १७५० वर ४६. कूलंट ८९. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय) अधिक ३. चेक इंजिनचा दिवा नाही, कोड नाही.

केबल ढिली आहे. आयएसीच्या भोकावर बोट धरलं, काही म्हणजे काही फरक नाही. तीनदा करून बघितलं.

रंकाळ्याचा_वारा | ११ जुलै, रात्री ९.१०

ट्रिम फक्त ३? व्हॅक्यूम लीक असता तर २०-२५ झाली असती. व्हिडिओत सगळे तसंच सांगतात. म्हणजे लीक नाही. बॉडीच गेलीय.

तिखटजाळ | ११ जुलै, रात्री ९.४८

थांबा, इथं फसायला होतं. मी पण फसलो होतो.

ते व्हिडिओ बहुतेक एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचे असतात. एमएएफ एअर फिल्टरनंतर लगेच बसतो आणि तिथून जाणारी हवा मोजतो. त्याच्या पुढं पाइप फाटला तर ती हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं, ट्रिम वर जाते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी असतो. त्याला हवा पुढच्या दारानं आली काय, मागच्या दारानं आली काय, दाब वाढलेला कळतो. तो तेवढं पेट्रोल सोडतो. मिश्रण जवळपास बरोबर राहतं, ट्रिम फारशी हलत नाही, चेक इंजिनचा दिवा लागत नाही, फक्त रेस चढते. काकांच्या गाडीत नेमकं हेच दिसतंय.

बंद इंजिनला ९५ बरोबर आहे. समुद्राकाठी १०१ च्या आसपास दिसेल, कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाही. चालू इंजिनला, पाय उचललेला असताना, साधारण ३० ते ४० पाहिजे. ४६ म्हणजे हवा येतेय.

पंचगंगाकाठ | ११ जुलै, रात्री ९.५५

काका? मी तेहतीसचा आहे हो.

तिखटजाळ | ११ जुलै, रात्री ९.५७

लिहिण्यावरून वाटलं. सॉरी दादा.

मोरेवाडी_माळ | ११ जुलै, रात्री १०.२०

लीक शोधायची सोपी युक्ती. उदबत्ती लावायची आणि पाइपांच्या कडेकडेनं फिरवायची. धूर जिथं आत ओढला जाईल तिथं भोक.

उद्यमनगरी | ११ जुलै, रात्री १०.४१

आणि तिथंच पेट्रोलचा पाइप पाझरत असला तर? उदबत्ती देवापुढं लाव. कार्ब क्लीनर मारून रेस बदलते का बघायची पण पद्धत आहे, माझ्या ओळखीचा एकजण त्यात भुवया जाळून बसलाय. गरम मॅनिफोल्डवर पेटणारा स्प्रे मारू नये. फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घे, वायरिंग नि इग्निशन कॉइल सोडून, एकेका जॉइंटवर थोडं थोडं मार. पाण्यानं भेग क्षणभर मिटत्या, रेस हलत्या.

पण पंचगंगाकाठ, त्याच्या आधी पाइप दाब. आयएसी निर्दोष सुटला, केबल सुटली, कूलंट सुटला. राहिलं काय, फ्लॅपच्या पलीकडचे पाइप. ब्रेक बूस्टरचा पाइप पकडीनं दाब, पकडीच्या दातांवर कापड गुंडाळून. मग टॅपेट कव्हरवरनं (इंजिनच्या वरच्या झाकणावरनं) मॅनिफोल्डला जाणारा पीसीव्हीचा पाइप. मग कार्बन कॅनिस्टरचा, म्हणजे पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याचा. एकावेळी एकच. ज्याला दाबल्यावर रेस खाली येईल तो चोर.

पीसीव्हीचा पाइप वरनं चांगला दिसला तरी सोडू नको. खालनं हात फिरव. त्यातनं तेलाची वाफ जात्या, वर्षानुवर्षं तेल पिऊन रबर फुगतंय, मऊ होतंय, आणि फाटतंय ते नेहमी खालच्या अंगाला, जिथं कुणाची नजर जात नाही.

पंचगंगाकाठ | १२ जुलै, दुपारी १२.२५

अण्णा, पाया पडतो!

बूस्टरचा दाबला, काही नाही. पीसीव्हीचा दाबला, काटा १७५० वरून सरळ ९०० वर. सोडला, परत १७५०. चार वेळा केलं, बायकोला बोलावून दाखवलं.

काढून बघितला. मॅनिफोल्डजवळ जिथं काटकोनात वळतो तिथं खालून बोटभर लांब चीर. पाइप इतका मऊ की शिळ्या जिलेबीसारखा हातात वाकतो. आणि गंमत म्हणजे गार असताना चीर मिटलेली असते, दिसतसुद्धा नाही. तापला की तोंड उघडतो. गाडी तापल्यावरच रेस का चढायची ते आत्ता कळलं.

तिखटजाळ | १२ जुलै, दुपारी १.१०

भारी! नवीन घेताना मापाचा, वळणासकट तयार मिळणाराच पाइप घे. साधा पाण्याचा पाइप कापून लावू नको, तेलानं महिन्यात फुगेल आणि वळणावर चिमटेल. पीसीव्ही व्हॉल्व्ह पण काढून कानाजवळ हलव, आतून खुळखुळ वाजायला पाहिजे.

सीएनजी_वाला | १२ जुलै, दुपारी ३.४०

गॅस किट लावलेल्यांसाठी एक भर. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून नोझल घालतात. ते नोझल नाहीतर त्यांचे रबरी पाइप ढिले झाले की हेच दुखणं. माझ्याकडं तिसऱ्या सिलिंडरचं नोझल हातानं फिरत होतं.

पंचगंगाकाठ | १३ जुलै, रात्री ९.३०

पाइप मिळाला, १८० रुपये. क्लॅम्प दोन, वीस रुपये. व्हॉल्व्ह वाजतोय, तोच ठेवला. बसवायला पंधरा मिनिटं, त्यातली दहा खाली पडलेला क्लॅम्प शोधण्यात.

रेस खाली आली. पण आता उलटंच सुरू झालंय. सिग्नलला क्लच दाबून थांबलो की काटा ५०० पर्यंत आपटतो आणि गाडी बंद. आज कावळा नाक्यापासून घरापर्यंत चार वेळा. एसी लावला तर नक्कीच. मागचा रिक्षावाला काय म्हणाला ते इथं लिहिता येणार नाही.

रंकाळ्याचा_वारा | १३ जुलै, रात्री ९.४१

म्हणून म्हणत होतो...

उद्यमनगरी | १३ जुलै, रात्री १०.१५

आता आपला 'टक्क'.

गॅरेजवाल्यानं फिरवला तो स्क्रू रेसचा नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात स्क्रू फिरवून स्लो स्पीड लावायचो, ती सवय हाताला राहिलीय. हा फ्लॅपचा स्टॉपर आहे, कंपनीत लावून त्याच्यावर रंगाचा ठिपका मारतात, फिरवू नये म्हणून. याला रेस कमी करायची होती, म्हणून यानं स्टॉपर मागं घेतला. फ्लॅप गरजेपेक्षा जास्त मिटला आणि बॉडीत घट्ट रुतून बसायला लागला. म्हणून पहिल्यांदा दाबताना अडकतोय आणि टक्क करून सुटतोय. गर्दीत हे वाईट, गाडी एकदम उडी मारत्या.

पाइप फाटका होता तोवर त्या चुकीचं काय कळलं नाही, हवा भरपूर येत होती. आता ती वाट बंद झाली. त्यात ईसीयूनं इतके दिवस आयएसी कमी उघडायची सवय लावून घेतलीय. इंजिनला श्वासच पुरेना.

बॉडी उघडून बघ, स्क्रूवर रंग फुटलेला दिसेल. लॉक नट ढिला कर, स्क्रू जुन्या रंगाच्या खुणेवर आण. खूण कळत नसेल तर फ्लॅप पूर्ण मिटू दे, स्क्रू लिव्हरला नुसता टेकेपर्यंत आण आणि मग अगदी थोडा आत, पाव वळसा, फ्लॅप रुतायचा थांबेपर्यंत. नट आवळताना स्क्रू फिरतो, तो धरून ठेव. बंद थ्रॉटलला टीपीएसचं (फ्लॅप किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचं) व्होल्टेज बघ, बहुतेक गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतंय. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच खरा. ते जास्त झालं तर पाय उचललाय हेच ईसीयूला कळणार नाही आणि रेस परत लटकेल.

मग बॅटरीची निगेटिव्ह दहा-पंधरा मिनिटं काढून ठेव. रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून घे. जोडल्यावर एसी, दिवे सगळं बंद ठेवून इंजिन चालू कर, ॲक्सिलरेटरला हात-पाय लावू नको, फॅन दोनदा लागून बंद होऊ दे. मग एसी लावून पाच मिनिटं. तो नवीन हिशेब शिकून घेईल.

मुठाकाठ | १४ जुलै, सकाळी ८.३०

वाचणाऱ्यांना एक सूचना, हे केबलच्या थ्रॉटलचं झालं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत आयएसी वेगळा नसतो, फ्लॅपच मोटरनं थोडा उघडून स्लो स्पीड धरतो. तिथे किल्ली चालू असताना फ्लॅप बोटानं ढकलू नये, आतले गिअर जातात आणि बोटही चिमटतं. आणि कार्बन साफ केल्यावर काही दिवस रेस चढलेली राहू शकते, कारण ईसीयूनं घाणीसकट हिशेब बसवलेला असतो. स्कॅनरनं पुन्हा शिकवावं लागतं.

पंचगंगाकाठ | १५ जुलै, रात्री १०.१०

झालं! रंगाचा पिवळा ठिपका खरंच होता, मधोमध फुटलेला. स्क्रू जवळपास दोन वळसे बाहेर होता. खुणेवर आणला, बॅटरी काढली, अण्णांनी सांगितलं तसं शिकवलं. पहिली दोन मिनिटं काटा ७०० ते १२०० नाचत होता, छातीत धडधड. मग हळूहळू ८५० वर येऊन बसला. एसी लावला की एक झटका, मग ९५०. 'टक्क' गेला. मॅनिफोल्ड प्रेशर आता ३४.

आज मुद्दाम परत पन्हाळ्याला गेलो. उतरताना दुसऱ्या गिअरला गाडी छान धरते, ब्रेकला नुसता अधूनमधून पाय. खर्च २०० रुपये, आणि वर खाल्लेली भजी.

मोरेवाडी_माळ | १५ जुलै, रात्री १०.२५

स्क्रू फिरवणाऱ्या गॅरेजचं नाव टाका की, बाकीचे सावध होतील.

पंचगंगाकाठ | १५ जुलै, रात्री १०.४०

नको. फाटका पाइप आणि गाडी घेऊन गेलो, स्क्रूवरचा फुटलेला रंगपण दाखवला त्यांना. मालकानं पाइप तापवून, वाकवून बघितला आणि पोरांना हाक मारून दाखवला. धुण्याचे पैसे परत देत होते, मी घेतले नाहीत.

गगनबावडा_घाट | १७ जुलै, दुपारी ४.०५

अण्णा, आज थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नाहीच. नुसतं गॅस्केट लावून झाकण आवळलेलं.

उद्यमनगरी | १७ जुलै, संध्याकाळी ६.२०

नवीन टाक. बसवताना व्हॉल्व्हवरची बारीक पिन वरच्या बाजूला ठेव, पाणी भरून हवा काढ. आणि झाकणाचा ओ-रिंग जुना वापरू नको.